वर्ष अध्यक्षांचे, काम समाजाचे

(नाशिकमधील एका सेवा क्लबच्या पदग्रहण समारंभात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पदग्रहण समारंभात पाहुण्याने काय बोलावे, याचे काही संकेत ठरून गेले आहेत. मावळत्या कार्यकारिणीचे कौतुक करावे, नव्या कार्यकारिणीला शुभेच्छा द्याव्यात, सेवाधर्माची थोरवी सांगावी आणि जेवणाची वेळ टळणार नाही इतक्या बेताने थांबावे. यांपैकी शेवटचा संकेत मी कसोशीने पाळीन. कौतुक आणि शुभेच्छाही मनापासून देतो. परंतु गेली तीस वर्षे वृत्तपत्राच्या व्यवसायात राहून सेवाकार्याच्या असंख्य बातम्या हातांखालून गेल्यानंतर एक प्रश्न मनात घर करून बसला आहे. तो आज आपल्यापुढे मांडावा असे वाटते. प्रश्न साधा आहे : उद्घाटन झाले, त्याचे पुढे काय झाले?

आपल्या सेवा क्लबांचा जन्म परदेशात झाला, हे सर्वश्रुत आहे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या एका वकिलाने आपल्या तीन मित्रांना एकत्र बोलावले. बैठका आळीपाळीने प्रत्येकाच्या कचेरीत होऊ लागल्या, फिरत राहिल्या, म्हणून त्या मंडळाचे नाव 'रोटरी' पडले. पुढे १९१७ मध्ये लायन्स क्लबची चळवळ सुरू झाली. १९२५ मध्ये हेलन केलर या अंध आणि कर्णबधिर विदुषीने लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले आणि त्या संघटनेने नेत्रसेवा हे आपले व्रत मानले. स्त्रियांना मात्र या दोन्ही संघटनांची दारे पूर्णपणे उघडायला १९८०चे दशक संपत यावे लागले. आज या सभागृहात भगिनींची संख्या लक्षणीय आहे, हा त्या वाटचालीचाच एक टप्पा आहे.

चौकट परकी असली तरी आशय आपल्याला परका नव्हता. आपल्या नाशिकपुरते बोलायचे, तर येथील सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभे आहे. गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेने शंभरी ओलांडली आहे. कुसुमाग्रजांनी १९५० मध्ये लोकहितवादी मंडळाची स्थापना केली. संत गाडगे महाराजांनी यात्रेकरूंसाठी जेथे धर्मशाळा उभारल्या, त्या तीर्थक्षेत्रांत नाशिकही आहे. या सर्वांत समान धागा कोणता? त्या त्या कामाचा आरंभ करणारी माणसे काळाच्या पडद्याआड गेली; काम गेले नाही. गाडगे महाराज दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडीत. झाडलेले अंगण दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडावे लागते, हे त्या खराट्याला ठाऊक होते. सेवेचे सारे मर्म मला या एका गोष्टीत दिसते. सेवा ही एकदा करून संपणारी गोष्ट नाही.

आता आपल्या कालगणनेकडे पाहा. क्लबचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. दरवर्षी नवा अध्यक्ष, नवी कार्यकारिणी, नवे घोषवाक्य आणि नवे प्रकल्प! ही पद्धत मुळात चांगली आहे. त्यामुळे एकाच व्यक्तीच्या हाती सत्ता साचत नाही आणि नव्या माणसाला संधी मिळते. आपल्याकडील कितीतरी सार्वजनिक संस्था एकेका खुर्चीला चिकटलेल्या माणसांमुळे वठून गेल्या, हे पाहता ही शिस्त अनुकरणीयच म्हटली पाहिजे. परंतु याच पद्धतीत एक दोषही दडलेला आहे. समाजाच्या गरजा ३० जूनला संपत नाहीत.

नाशिकमध्ये जुलै महिना हा वृक्षारोपणाचा महिना. नव्या अध्यक्षांचा पहिला कार्यक्रम म्हणून वृक्षारोपण होते, हे स्वाभाविक आहे. पाऊस असतो, उत्साह असतो, छायाचित्रे हिरवीगार येतात. परंतु लावलेल्या रोपाला खरा धोका जुलैत नसतो. तो मार्च ते मे या महिन्यांत असतो. रोपाची मुळे खोल जाईपर्यंत किमान दोन-तीन उन्हाळे त्याला पाणी घालावे लागते आणि गुराढोरांपासून राखावे लागते. म्हणजे रोपाला हवेत तीन उन्हाळे आणि अध्यक्षांच्या वाट्याला येतो एक! एक झाड जगवायला तीन अध्यक्ष लागतात. पहिल्याने लावायचे, दुसऱ्याने आणि तिसऱ्याने पाणी घालायचे. दुसऱ्या आणि तिसऱ्या अध्यक्षाच्या नावाचा फलक तेथे लागणार नाही. तरीही पाणी घालायला जो जाईल, तो खरा सेवक.

पेठ तालुक्यातील एका आश्रमशाळेत काही वर्षांपूर्वी वार्तांकनासाठी गेलो होतो. व्हरांड्यात पाणी शुद्ध करणारी तीन यंत्रे ओळीने उभी होती. तीन निरनिराळ्या संस्थांनी, तीन निरनिराळ्या वर्षी दिलेली. प्रत्येकावर दात्यांच्या नावांचा फलक होता आणि तिन्ही बंद होती. एकाचा गाळणीचा भाग बदलायचा होता, दुसरे विजेच्या कमीजास्त दाबाने जळाले होते, तिसऱ्याला पाण्याची टाकीच जोडलेली नव्हती. मुले शेजारच्या हातपंपावर ओंजळीने पाणी पीत होती. पहिल्या यंत्राचा सुटा भाग बदलण्यासाठी जेवढा खर्च आला असता, त्याच्या कितीतरी पटींनी अधिक पैसा दुसऱ्या आणि तिसऱ्या यंत्रावर खर्च झाला होता. त्या संस्थांच्या हेतूंविषयी मला तिळमात्र शंका नाही. पैसा खिशातला होता, तळमळ खरी होती. उणीव एवढीच, की देणारे पुन्हा त्या वाटेने गेले नव्हते.

याच्या उलट टोकाचे उदाहरणही सेवा क्लबांच्याच इतिहासात आहे आणि ते जगाने कौतुक करावे असे आहे. ते म्हणजे पोलिओ निर्मूलनाचे. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओविरुद्धचा आपला जागतिक उपक्रम हाती घेतला. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने पोलिओ निर्मूलनाचा संकल्प सोडला, तेव्हा जगातील सव्वाशे देशांत मिळून दरवर्षी सुमारे साडेतीन लाख मुले या रोगाने पंगू होत होती. भारतात १९९५ मध्ये राष्ट्रव्यापी पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. त्यानंतरच्या रविवारांचे चित्र आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. चौकाचौकांत मांडलेली टेबले, बर्फाच्या पेट्यांत जपून ठेवलेल्या लशीच्या कुप्या, बाळाच्या जिभेवर दोन थेंब आणि डाव्या हाताच्या करंगळीला शाईची खूण. रविवारी केंद्रावर जी मुले आली नाहीत, त्यांच्यासाठी पुढचे काही दिवस घरोघर फेरी आणि दारावर खडूची खूण.

या मोहिमेचा मुख्य भार सरकारी आरोग्य यंत्रणेने, परिचारिकांनी आणि अंगणवाडी सेविकांनी वाहिला, हे प्रथम कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. सेवा क्लबांच्या सदस्यांनी त्यांना साथ दिली. कोणी केंद्रावर बसले, कोणी वाहन दिले, कोणी सेविकांच्या चहा-न्याहारीची सोय पाहिली, कोणी लस नाकारणाऱ्या कुटुंबाची समजूत घातली. २००९ मध्येही देशात ७४१ मुलांना पोलिओ झाला होता. इतक्या वर्षांनंतर हा आकडा पाहून कोणीही हात टेकले असते. पण मोहीम थांबली नाही. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळलेला रुग्ण हा देशातील वन्य पोलिओ विषाणूचा अखेरचा रुग्ण ठरला. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्त घोषित केले.

१९८५ ते २०१४ म्हणजे एकोणतीस वर्षे. एखाद्या क्लबमध्ये या काळात एकोणतीस अध्यक्ष झाले असतील. त्यांतील प्रत्येकाने 'मागच्याचे काम मी का पुढे चालवू? माझ्या वर्षात माझा नवा प्रकल्प' असे म्हटले असते, तर? सेवा क्लबांच्या नावावर असलेले सर्वांत मोठे यश हे त्यांच्या सर्वांत कंटाळवाण्या, दरवर्षी तेच ते करायला लावणाऱ्या कामाचे आहे. ही गोष्ट नव्या कार्यकारिणीने आपल्या पहिल्या बैठकीच्या आधी मनाशी घोळवावी, अशी माझी विनंती आहे.

हाच नियम रक्तदानाला लागू होतो. आपल्या देशात एकेकाळी रक्त विकणाऱ्यांचा धंदा चालत असे. ४ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयानंतर १ जानेवारी १९९८ पासून तो बंद करण्यात आला आणि सारी भिस्त स्वेच्छेने रक्त देणाऱ्यांवर आली. तेव्हापासून क्लब, गणेश मंडळे, युवक संघटना यांनी शिबिरांचा जो धडाका लावला, त्याला तोड नाही. परंतु येथेही वेळेचे गणित आहे. रक्तातील तांबड्या पेशी साधारणपणे पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात. प्लेटलेट तर अवघे पाच दिवस. एखाद्या राष्ट्रीय सणाला किंवा नेत्याच्या वाढदिवसाला शहरात एकाच दिवशी दहा शिबिरे झाली, तर वर्तमानपत्राला बातमी मिळते. मात्र मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात, माणसे गावी गेलेली असतात, तेव्हा रक्तपेढीच्या कपाटात रक्त मिळत नाही. थॅलेसेमिया झालेल्या बालकाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते, आणि ते जन्मभर लागते. त्याच्या आईच्या दिनदर्शिकेत आपल्या क्लबचा वर्धापनदिन नसतो. म्हणून शंभर जणांचे एक शिबिर घेण्यापेक्षा पंचवीस-पंचवीस जणांची चार शिबिरे घ्या. कोणते महिने घ्यायचे, ते रक्तपेढीला विचारून ठरवा. बातमी चौथ्या पानावर येईल. रक्त मात्र वेळेवर मिळेल.

आपल्या जिल्ह्याच्या पाण्याची गोष्टही अशीच आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हा पट्टा म्हणजे धो धो पावसाचा मुलूख. तरीही फाल्गुन-चैत्र लागताच तेथील आया-बहिणी हंडे घेऊन डोंगर उतरताना दिसतात. खाली कठीण काळा पाषाण, वर मातीचा पातळ थर आणि तीव्र उतार. त्यामुळे पडलेले पाणी थांबत नाही. दमणगंगा, नार, पार या नद्या ते पश्चिमेकडे घेऊन जातात. या प्रदेशात कमी खर्चाचा, हातांनी करता येण्याजोगा एक उपाय म्हणजे वनराई बंधारा. सिमेंटची रिकामी पोती माती-वाळूने भरायची, तोंडे शिवायची आणि पावसाचा जोर ओसरल्यावर, ओढा वाहता असतानाच, विटांच्या बांधकामासारखी सांधेमोड करून ती आडवी रचायची. पन्नास माणसांनी एक दिवस श्रमदान केले तर एखादा लहान ओढा अडतो. त्यामागे साचलेल्या पाण्यावर गुरांची तहान भागते, भाजीपाल्याचा एखादा वाफा निघतो, जवळच्या विहिरीला पाझर राहतो.

परंतु या बंधाऱ्याचे आयुष्य एका हंगामाचे. पुढच्या पुरात पोती वाहून जातात आणि पुन्हा रचावी लागतात. काहींना हा त्याचा दोष वाटतो. मला तो गुण वाटतो. दरवर्षी ऑक्टोबरात शहरातल्या माणसाला त्या पाड्यावर जावेच लागते. तिसऱ्या वर्षी गावकरी नावाने ओळखतात. पाचव्या वर्षी ते आपल्याला न बोलावता पोती भरून ठेवतात आणि 'यंदा ओढा जरा खाली अडवू या' असे आपल्यालाच सांगतात. त्या दिवशी आपण दाते राहत नाही आणि ते लाभार्थी राहत नाहीत. 'लाभार्थी' हा शब्द शासकीय कागदावर शोभतो. सेवेच्या शब्दकोशातून तो आपण काढून टाकावा. ज्याच्या अंगणात आपण जातो, तो आपला यजमान असतो.

बंधू-भगिनींनो, हे सर्व आज आवर्जून सांगण्याचे एक तातडीचे कारण आहे. सिंहस्थ आपल्या दाराशी आला आहे. जाहीर वेळापत्रकानुसार ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ रोजी पहिले अमृतस्नान, ३१ ऑगस्टला दुसरे, आणि तिसरे नाशिकला ११ सप्टेंबरला व त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबरला. पर्वणीचे दिवस मोजकेच. पण त्या दिवसांत या शहराची परीक्षा आहे.

२७ ऑगस्ट २००३ हा दिवस नाशिककर विसरू शकत नाहीत. रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद, उताराच्या रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविकांचे प्राण गेले. पुण्य जोडायला आलेली माणसे आपल्या गावातून परत गेली नाहीत. २०१५ च्या सिंहस्थात प्रशासनाने त्यापासून धडा घेतला आणि एकही चेंगराचेंगरी न होता पर्वण्या पार पडल्या. ही मोठीच कामगिरी होती. मात्र त्या वर्षीच्या पहिल्या पर्वणीला, २९ ऑगस्टला, अडथळे इतके कडक होते की वृद्ध भाविकांना मैलोगणती पायपीट करावी लागली. त्यावर टीका झाली आणि पुढच्या पर्वण्यांना बंदोबस्त काहीसा सैल करावा लागला. त्याच सिंहस्थाच्या तयारीत, मूळचे नाशिकचे असलेले शास्त्रज्ञ रमेश रासकर यांच्या पुढाकाराने झालेल्या 'कुंभथॉन'मध्ये आपल्या शहरातील विद्यार्थ्यांनी गर्दीतील पावले मोजणारी चटई तयार केली, हेही अभिमानाने नोंदवले पाहिजे. आणि २९ जानेवारी २०२५ रोजी, मौनी अमावास्येच्या पहाटे प्रयागराजला झालेल्या दुर्घटनेने सर्वांना पुन्हा बजावले आहे की गर्दी ही श्रद्धा पाहून वाट देत नाही.

गर्दीचे शास्त्र सांगते की एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसांहून अधिक दाटी झाली, की माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाही. लोंढा त्याला नेतो. पुढे काय अडले आहे ते मागच्याला दिसत नाही, म्हणून तो रेटत राहतो. धोका असतो तो अरुंद वाटेत, उतारावर, आणि समोरासमोरून येणारे दोन प्रवाह जेथे भिडतात तेथे. पोलीस अडथळा उभा करू शकतात. पण त्या अडथळ्यापाशी उभ्या असलेल्या सत्तरीच्या आजीला 'आजी, येथे थांबा, पुढची वाट डावीकडून आहे, पाणी घ्या' असे तिच्या भाषेत सांगणारा माणूस त्यांच्याकडे पुरेसा नसतो. तो माणूस आपण व्हायचे आहे.

यासाठी टोपी आणि बिल्ला पुरेसा नाही. तयारी लागते आणि ती आधीपासून लागते. माझी सूचना अशी, की क्लबने संपूर्ण मेळ्याचा भार उचलण्याचे मनात आणू नये. प्रशासनाशी बोलून एकच ठिकाण मागून घ्यावे. एखादा चौक, एखादा वाहनतळ, एखादे वळण. त्या ठिकाणचा प्रत्येक बोळ, प्रत्येक नळ, प्रत्येक शौचालय, जवळचा दवाखाना आणि रुग्णवाहिकेची वाट स्वयंसेवकाला पाठ असली पाहिजे. प्रथमोपचार आणि छातीवर दाब देऊन हृदयक्रिया सुरू ठेवण्याचे शिक्षण प्रत्येकाने घेतले पाहिजे. गोदावरीच्या खालच्या अंगाकडून येणाऱ्यांसाठी तेलुगू, शिवाय हिंदी आणि गुजराती जाणणारी माणसे हाताशी हवीत. ती आपल्याच शहरात, आपल्याच शेजारी राहतात. हरवलेल्या माणसाला बसवून ठेवायची जागा, स्त्रियांना कपडे बदलायला आडोसा, पायाला फोड आलेल्यांसाठी मलमपट्टी, ही कामे छायाचित्रात मावत नाहीत. पण घरी परतलेला यात्रेकरू 'नाशिकची माणसे कशी होती' हे सांगताना याच कामांविषयी सांगेल. स्वयंसेवकाने पाळी संपेपर्यंत आपली जागा सोडायची नाही आणि स्नानाचा मोह त्या दिवसापुरता बाजूला ठेवायचा. दुसऱ्याला सुखरूप स्नान घडवणे हीच त्याची पर्वणी.

आणि यातही क्लबच्या कालगणनेची मेख आहे. तयारी एका अध्यक्षांच्या वर्षात करावी लागेल आणि ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ च्या पर्वण्या दुसऱ्याच अध्यक्षांच्या वर्षात येतील. ज्याने प्रशिक्षण घडवले, त्याच्या हाती त्या दिवशी सूत्रे नसतील. हा वारसा नीट सोपवला गेला नाही तर उत्साह असूनही आपण तोकडे पडू.

म्हणून जाता जाता तीन व्यावहारिक गोष्टी सुचवतो. पहिली, क्लबमध्ये एक हस्तांतराची वही ठेवा. प्रत्येक प्रकल्पाचे ठिकाण, तेथील जबाबदार माणसाचे नाव, दुरुस्तीची तारीख आणि पुढच्या भेटीचा दिवस तिच्यात लिहा. पदग्रहणाच्या दिवशी गळ्यातील पदक जसे नव्या अध्यक्षांकडे जाते, तशी ही वहीही त्यांच्या हाती जावी. दुसरी, वर्षाच्या निधीतील ठरावीक हिस्सा केवळ जुन्या कामांच्या देखभालीसाठी राखून ठेवा. नवी वास्तू उभारण्याआधी जुनी गळते आहे का ते पाहा. तिसरी, प्रत्येक सभासदाने वर्षातून निदान चार वेळा एकाच ठिकाणी जावे. चार ठिकाणी एकेकदा नव्हे. धनादेश कोणीही पाठवू शकतो. ओळख मात्र वारंवार जाण्यानेच होते, आणि ओळख झाल्यावाचून सेवा ही उपकाराच्या पायरीवरच घुटमळत राहते.

आपला व्यवसाय, घरसंसार, मुलांचे शिक्षण सांभाळून आपण सर्वजण येथे येता, पदरमोड करता. आजच्या काळात हे सोपे नाही. नोकरीत सकाळी सातला बाहेर पडून रात्री नऊला परतणाऱ्या तरुणाला आठवड्याची सभा जमणार नाही. त्याला महिन्याचा एक रविवार मागा, तो आनंदाने देईल. त्याला भाषण नको असते, काम हवे असते. ते काम आपण त्याच्या हाती दिले, तर क्लबच्या वाढत्या सरासरी वयाची जी चिंता आपण खासगीत बोलून दाखवता, ती आपोआप मिटेल.

नव्या अध्यक्षांना माझ्या शुभेच्छा आहेत. आपल्या वर्षात नवे प्रकल्प जरूर व्हावेत. पण ३० जूनला आपण पदक उतरवाल तेव्हा 'मी काय सुरू केले' या यादीच्या आधी 'मी काय बंद पडू दिले नाही' ही यादी वाचून दाखवावी. ती यादी जितकी लांब, तितके आपले वर्ष मोठे.